काळ्या सापाची पट्टेरी पिल्लं



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सापाबद्दल बोलायला उभा राहिला की श्रोत्यांना वाटतं, आता हा दोरीवर साप दिसल्याचा वेदान्तातला दृष्टान्त काढणार. तो आज काढत नाही. आजचा साप खराखुरा आहे. उत्तर अमेरिकेतला आहे, तिकडे त्याला गार्टर साप म्हणतात. त्याच्या रंगाचा इतिहास सांगता सांगता मला एका जुन्या प्रश्नाशी यायचं आहे: जे डोळ्यांना दिसत नाही ते 'आहे' असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

आधी साप बघू. गार्टर म्हणजे मोजा खाली घसरू नये म्हणून पायाला बांधायची पट्टी. या सापाच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत फिकट उभे पट्टे असतात, त्यावरून हे नाव. लांबी साधारण दोन फूट, क्वचित त्याहून बरीच जास्त. गवतात, ओढ्याकाठी, लोकांच्या परसात राहतो, बेडूक, गांडुळं, मासे खातो, आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही. तुमच्यापैकी ज्यांनी नानेटी पाहिली आहे, त्यांनी तीच डोळ्यांसमोर आणावी. नानेटी, आपली पाण्यातली दिवड आणि हा गार्टर साप, तिन्ही एकाच उपकुळातले. फरक असा की नानेटी अंडी घालते, आणि गार्टर सापाची मादी आपल्या घोणशीसारखी थेट पिल्लं देते. एका वेळी दहा, वीस, तीस, कधी पन्नासच्याही वर. हा आकडा जरा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

युरोपातल्या शास्त्राला हा साप माहीत झाला तो पेहर काल्म या लिनियसच्या शिष्यामुळे. तो १७४८ ते १७५१ या काळात उत्तर अमेरिकेत फिरला. लिनियसनं १७५८ साली सापाला शास्त्रीय नाव दिलं. पुढचं शतक-दीड शतक काम काय, तर पट्टे मोजा, खवले मोजा, आणि कुठला साप कुठल्या जातीचा ते ठरवा. आता गंमत अशी की ईरी सरोवराच्या पश्चिम भागात, म्हणजे ओहायोचा किनारा, कॅनडाच्या बाजूचा किनारा आणि मधली बेटं, इथे एक साप सर्रास सापडतो तो काळा कुळकुळीत. पट्टा नाही. हनुवटी आणि गळा तेवढा पांढरा. ज्या सापाचं नावच पट्ट्यावरून पडलं त्याला पट्टा नाही, मग तो गार्टर साप कसा? पण पकडलेली मादी वितेपर्यंत सांभाळली, की एकाच पोटातून काही पिल्लं पट्टेरी आणि काही काळी निघताना दिसायची. भाऊ-बहिणी वेगवेगळ्या जातींचे असू शकत नाहीत. म्हणजे जात एकच, रंग दोन.

इथे 'असाधारण रंग' या शब्दाबद्दल थोडं बोलतो. मिशिगनच्या आतल्या भागात काळा गार्टर साप दिसला तर लोक बघायला गोळा होतील. ईरीच्या बेटावर कोणी मान वळवून बघणार नाही. साप तोच आहे. तेव्हा असाधारण हे सापाचं विशेषण नाही, ते मोजणारा कुठे उभा आहे त्याचं वर्णन आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत 'सर्व हंस पांढरे असतात' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उदाहरण म्हणून वापरलं गेलं, आणि १६९७ मध्ये डच खलाशांना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर काळे हंस दिसले. तिथल्या मूळ रहिवाशांना त्यात नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं.

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालंच आहे, तर आजच्या गोष्टीतल्या बाईंकडे वळू. फ्रीडा कॉब. जन्म १८८९, सिडनी. वडील नेथन कॉब हे सूत्रकृमींचे मोठे अभ्यासक. हे घर पुढे अमेरिकेत गेलं, आणि फ्रीडा मिशिगन विद्यापीठात हार्ली बार्टलेट यांच्या हाताखाली वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर काम करू लागल्या. १९२० मध्ये डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाच्या त्या सहायक संचालक होत्या आणि १९५६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते उद्यान चालवलं.

त्यांचं मूळ काम कुठल्या झाडावर होतं हे सांगायला हवं, कारण माझ्या मते सापांची गोष्ट तिथे सुरू होते. ते झाड इनोथेरा, संध्याकाळी फुलणारं पिवळं रानफूल. मेंडेलनं १८६५ साली वाटाण्याचे प्रयोग सभेत वाचले, पुढच्या वर्षी छापले, आणि जगानं ते पस्तीस वर्षं बाजूला ठेवले. १९०० साली ते पुन्हा सापडले. सापडवणाऱ्यांपैकी एक ह्यूगो द व्रीस, आणि त्यांचं लाडकं झाड हेच इनोथेरा. पण हे झाड मेंडेलचं ऐकेचना! वाटाण्यात जे तीनास एक असं स्वच्छ प्रमाण येतं ते यात येत नव्हतं. द व्रीस यांना वाटलं, इथे एका उडीत नव्या जाती जन्माला येताहेत. पुढे कळलं की या झाडाची गुणसूत्रंच एकमेकांत अडकलेली असतात आणि ठरावीक जोड्या झाल्या तर बी जगतच नाही, म्हणून प्रमाण बिघडलेलं दिसतं. फ्रीडाबाईंची उमेदीची वर्षं या खट्याळ झाडाच्या बिया मोजण्यात गेली. अशा माणसाला नियम पाठ म्हणायची सवय लागत नाही. नियम कुठे लागू पडतो हे प्रत्येक ठिकाणी जाऊन बघावं लागतं, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं.

१९२२ साली त्यांचं लग्न झालं फ्रँक ब्लँचर्ड यांच्याशी. हे त्याच विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, सापांचे जाणकार. रानात पकडलेला साप सोडून दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाती आला तर तो तोच, हे कसं ओळखायचं? फ्रँक आणि त्यांच्या सहकारीबाईंनी १९३३ मध्ये शेपटीखालचे खवले ठरावीक क्रमाने कापून खूण करायची रीत प्रसिद्ध केली. नवरा सापाला ओळखणारा, बायको पिढ्या मोजणारी. असा जोड जमला म्हणून प्रयोग झाला.

आता प्रश्न असा येईल, की १९३० च्या दशकात मेंडेल सापाला लागू पडतो की नाही याचा प्रयोग करायची गरज काय? वाटाण्यात झालं, १९०२ मध्ये बेटसनने कोंबड्यांत दाखवलं, त्याच वर्षी क्वेनोने उंदरांत दाखवलं. सापानं काय घोडं मारलंय? पण हा युक्तिवाद नीट बघा. नैयायिक याला विचारतील, तुमची व्याप्ती कुठे पाहिली? जिथे धूर तिथे अग्नी, हे म्हणायला सुद्धा स्वयंपाकघर लागतं, जिथे दोन्ही एकत्र पाहिलेत. वाटाणा पाहिला, कोंबडी पाहिली. साप पाहिलाच नव्हता. आणि न पाहण्याचं कारण तात्त्विक नव्हतं, साधं व्यावहारिक होतं. उंदराची पिढी दोन-तीन महिन्यांत होते. गार्टर सापाची मादी वयात यायला दोन-तीन वर्षं लागतात, विते ती बहुधा वर्षातून एकदा, आणि हिवाळाभर झोपते. नातवंडांपर्यंत पोचायचं तर पाच-सहा वर्षं गेली. एवढी वर्षं सापांना खाऊ घालायचं, निजवायचं, कोण कोणाचं पोर हे वहीत लिहून ठेवायचं. आपल्याकडे संशोधन म्हटलं की लोकांना क्षणात चमकलेली कल्पना आठवते. इथे कल्पना जुनीच होती, लागली ती चिकाटी.

प्रयोगाचं गणित सोपं आहे. काळा रंग अप्रभावी आणि पट्टेरी रंग प्रभावी असेल, तर काळ्या आणि शुद्ध पट्टेरी सापाची सगळी पिल्लं पट्टेरी निघाली पाहिजेत. काळ्या आईची पोरं, आणि एकाच्याही अंगावर आईचा रंग नाही! पण या पट्टेरी पिल्लांची आपसात जोडी लावली की पुढच्या पिढीत चारातलं एक पुन्हा काळं येतं. आणि त्यांची जोडी काळ्याशी लावली, तर अर्धी काळी, अर्धी पट्टेरी. म्हणजे मधल्या पिढीत काळेपण गेलेलं नव्हतं. होतं, पण दिसत नव्हतं.

इथपर्यंत वाटाण्यासारखंच. पण साप म्हणजे वाटाणा नव्हे. वाटाण्याचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, मेंडेलला परक्या परागाची भीती फारशी नव्हती. गार्टर सापाची मादी एकाहून जास्त नरांशी जुगू शकते, आणि नराचं वीर्य पोटात महिनोन्‌महिने जपून ठेवू शकते. हिवाळ्याआधी जुगली तर पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात. आता समजा, वसंतात तुम्ही एका काळ्या मादीजवळ काळा नर ठेवला, आणि पिल्लांत पट्टेरी निघाली. याचा अर्थ काय लावायचा? नियम चुकला? की मादीच्या पोटात गेल्या शरदातल्या पट्टेरी नराचं वीर्य होतं?

बघा कसा पेच आहे. दुसरा बाप ओळखायचा तर रंगाचा नियम आधी ठाऊक पाहिजे. रंगाचा नियम सिद्ध करायचा तर दुसरा बाप नाही याची खात्री आधी पाहिजे. आपल्या शास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि तो दोष आहे. वादात समोरच्याला पकडण्यासाठी आपण हा शब्द वापरतो. पण प्रयोगशाळेत अन्योन्याश्रय मोडायला वाद चालत नाही, पिंजरा लागतो. यातून वाट एकच: बंदिवासातच जन्मलेल्या, जन्मापासून वेगळ्या वाढवलेल्या माद्या घ्यायच्या, ज्यांना दुसरा नर भेटणं शक्यच नाही. एकदा त्यांच्यावर नियम पक्का झाला, की मग तोच नियम रानातून आणलेल्या माद्यांवर वापरून, कोणी केव्हा जुगलं हे पिल्लांच्या रंगावरून वाचता येतं. रंग मग बापाच्या सहीसारखा होतो. ब्लँचर्ड दांपत्याच्या निबंधाच्या शीर्षकात म्हणूनच दोन गोष्टी जोडून आल्या आहेत: गार्टर सापातल्या काळेपणाची आनुवंशिकता, आणि शरदातलं जुगणं फळाला येतं याचा काही पुरावा. मला हे शीर्षक फार आवडतं. त्यात पूर्ण युक्तिवाद आहे.

हा निबंध मिशिगनच्या विज्ञान-कला अकादमीच्या खंडात १९४०-४१ मध्ये आला. तारीख मुद्दाम सांगितली, कारण फ्रँक ब्लँचर्ड १९३७ मध्येच वारले होते, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. घरात मुलं लहान, उद्यानाची नोकरी, आणि नवऱ्याच्या मागे राहिलेल्या टिपणांचे ढीग. बाईंनी ते पुरं केलं. पिल्लं केव्हा जन्मतात यावरचा निबंध, हा काळेपणाचा निबंध, आणि १९४२ साली जुगण्यावरचा निबंध. तिन्हींवर दोघांची नावं आहेत, पहिलं नाव फ्रँक यांचं. सरपटणाऱ्या प्राण्यांत मेंडेलचा नियम दाखवणारं पहिलं काम म्हणून आज याचा उल्लेख होतो. तेव्हा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. सापाला मेंडेल लागू पडतो म्हटल्यावर लोक म्हणाले असणार, पडणारच! जे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलंय ते सिद्ध करणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत. २००३ साली रिचर्ड किंग यांनी हा प्रश्न पुन्हा तपासला आणि तोच निष्कर्ष आला.

तो काळा रंग ईरीकाठीच का टिकला? टोरांटोच्या गिब्सन आणि फॉल्स या अभ्यासकांनी १९७९ पासून दाखवलं की काळं अंग थंड हवेत उन्हाने जास्त तापतं. सापाला ऊब म्हणजे पचन, हालचाल, सगळंच. पण काळा साप गवतात उठून दिसतो, शिकारी पक्ष्याला सापडतो. फायदा-तोट्याचा हा हिशेब सरोवराकाठी एका बाजूला झुकतो, इतरत्र दुसऱ्या बाजूला.

आता काळ्याकडून पांढऱ्याकडे, आणि शास्त्राकडून बाजाराकडे जाऊ.

युद्धानंतर अमेरिकेत हौस म्हणून साप पाळणारे वाढले. त्यांत एक त्वचारोगतज्ज्ञ होते, बर्नार्ड बेक्टेल. त्यांच्याकडे १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात सापडलेला एक अल्बिनो नर होता. हा गार्टर नव्हे, कॉर्न साप. बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्याची पिढी वाढवली आणि १९६२ मध्ये दाखवून दिलं की सापातलं अल्बिनोपण अप्रभावी आहे. पुन्हा नवरा-बायको, पुन्हा वही. या विषयाला घरगुतीपणा आहे खरा.

अल्बिनो साप पांढरा असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. सापाच्या कातडीत रंगपेशी अनेक प्रकारच्या. काळा-तपकिरी मेलॅनिन एका पेशीत, पिवळा-तांबडा रंग दुसऱ्या पेशीत, आणि तिसऱ्या पेशीत सूक्ष्म स्फटिक, जे उजेड परतवतात. मेलॅनिन गेलं तरी बाकीचे राहतात. म्हणून अल्बिनो गार्टर साप पिवळसर, गुलाबी, नारिंगी दिसतो, डोळे लाल. तांबडा रंग नसलेले सापही असतात. दोन्ही उणिवा एकाच सापात जुळवल्या की तो खरोखर फिकट, पांढुरका होतो. पाळणारे त्याला 'स्नो' म्हणतात. लक्षात घ्या, एवढे नवे रंग, पण नवीन काही घातलेलं नाही. एकेक रंग काढून घेतलाय.

बेक्टेल कातडीचे डॉक्टर असल्याने त्यांनी पुढे कातडीचा तुकडा डोपा नावाच्या द्रव्यात ठेवून बघितला, आणि १९८० च्या निबंधात गोफर सापांत दोन तऱ्हांचे अल्बिनो दाखवले. दिसायला सारखे, आत बिघाड वेगळा. अशा दोन वेगळ्या तऱ्हांच्या अल्बिनोंची जोडी लावली तर पिल्लं साधी, रंगीत निघतात, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या अशा एका माणसांच्या जोडप्याची नोंद वैद्यकीय मासिकात आली आहे: आई-वडील दोघेही अल्बिनो, मुलं सर्वसाधारण रंगाची. ज्यांना वाटतं रूप सारखं म्हणजे कारण सारखं, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आता बाजार. अल्बिनो गार्टर साप विकत मिळतो. पण त्याच्या शेजारच्या डब्यात एक साधा, पट्टेरी, परसात मिळेल तसा साप ठेवलेला असतो आणि त्याच्यावर चिठ्ठी असते 'हेट'. म्हणजे दिसायला साधा, पण अल्बिनोपण आत वाहतोय. त्याची किंमत साध्यापेक्षा जास्त. आणि तिसऱ्या डब्यावर चिठ्ठी: '६६ टक्के पॉसिबल हेट'. हे वाचून मला वाटलं, आपली सगळी ज्ञानमीमांसा या डब्यात आहे! (हशा) ६६ टक्के कुठून आले? दोन हेट सापांची जोडी लावली, चारातलं एक अल्बिनो आलं, ते बाजूला काढलं. उरलेल्या तिनांत दोन वाहक, एक निव्वळ साधा. कुठला कुठला ते दिसत नाही. म्हणून प्रत्येकावर दोन-तृतीयांश. पण साप स्वतः दोन-तृतीयांश काही नसतो. तो वाहक असतो किंवा नसतो. ते ६६ टक्के सापाच्या अंगात नाहीत, आपल्या अज्ञानात आहेत. आणि बाजारात त्या अज्ञानाला रुपये-पैशांत किंमत आहे.

खात्री कशी करायची? न्यायसूत्रातलं शेषवत् अनुमान आठवा. नदीला पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडला. कार्यावरून कारण. पॉसिबल हेट सापाची जोडी अल्बिनोशी लावा आणि पिल्लं बघा. एक जरी अल्बिनो निघालं तरी प्रश्न मिटला, साप वाहक. पण दहाच्या दहा साधी निघाली तर? वाहक असूनही असं होण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. वीस निघाली तर दहा लाखांत एकाच्या आसपास. 'आहे' हे एका पिल्लानं सिद्ध होतं. 'नाही' हे कितीही पिल्लांनी पूर्ण सिद्ध होत नाही, नुसतं जवळ जवळ येत राहतं. तुम्हाला पिल्लांची संख्या लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. दोन-चार पिल्लांच्या जनावरात ही खात्री व्हायला कित्येक वर्षं जातील. गार्टर साप एका उन्हाळ्यात बरंचसं उत्तर देतो.

आणि या सगळ्याला आधार काय, तर विकणाऱ्याची वही. त्यात खोटं लिहिलं, की पेच पुन्हा होता तिथे. फ्रीडाबाईंच्या वहीचं मोल होतं सत्यासाठी, इथल्या वहीचं आहे किमतीसाठी, पण प्रामाणिकपणा दोन्हीकडे तेवढाच लागतो. शिवाय अप्रभावी रंग पटकन दिसायचा तर बापाची लेकीशी, भावाची बहिणीशी जोडी लावतात. रंग येतो, त्याच्याबरोबर लपलेले इतर दोषही वर येतात. बॉल पायथनमध्ये 'स्पायडर' नावाचा नक्षीदार प्रकार आहे. तो रंग प्रभावी आहे, तेव्हा दोष तिथे नात्यातल्या जोडीचा नाही, त्या जनुकाचाच आहे. त्या सापांचं डोकं डुगडुगतं, तोल जातो. कानाच्या आतल्या भागाची रचनाच बिघडलेली असते, हे आता तपासून दिसलं आहे. तरी ते विकले जात होते. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बॉल पायथन आणि कॉर्न साप सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, म्हणजे हे फार लांबचं राहिलेलं नाही. आपल्याकडे नानेटी पाळायला कायद्यानं मनाई आहे, आणि ती योग्य आहे असं माझं मत आहे.

कोणी म्हणेल, रंगच आहे, त्यात काय एवढं? यावर एडमंड ब्रॉडी या संशोधकाचं काम सांगतो. अमेरिकेच्या वायव्येकडच्या एका गार्टर सापात काही पिल्लं पट्टेरी, काही ठिपकेदार. ब्रॉडींनी पाहिलं की अंगावर स्पष्ट पट्टा असलेला साप सरळ पळून गेला तर वाचतो, कारण सरकणाऱ्या पट्ट्यावरून त्याचा वेग नजरेला कळत नाही. ठिपकेदार सापानं मध्येच उलटं वळून थांबावं, म्हणजे तो गवतात विरघळतो. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की नक्षी आणि पळण्याची पद्धत या गोष्टी आनुवंशिकतेनं एकमेकींशी बांधलेल्या आहेत. मग शेकडो नवजात पिल्लं खुणा करून रानात सोडली, आणि १९९२ मध्ये सांगितलं की नक्षी आणि पळणं यांचा मेळ असलेली पिल्लं जास्त जगली. काचेच्या डब्यात हे पळणं कोणी बघत नाही. तिथे निवड होते ती नक्षीची, तीही आपल्या डोळ्यांना आवडेल तशी.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या मिलिंकोविच यांच्या गटाने कॉर्न सापातल्या अल्बिनोपणाचा ठावठिकाणा सांगितला: ओसीए-टू नावाच्या जनुकात एक उपरा तुकडा येऊन बसला आहे. माणसांतल्या एका प्रकारच्या अल्बिनोपणाला हेच जनुक कारण असतं. आता काही सापांची टाकलेली कात प्रयोगशाळेत पाठवली की तो वाहक आहे की नाही हे अक्षरं वाचून सांगतात. पिल्लं मोजायची गरज नाही, ६६ टक्के जाऊन तिथे शून्य किंवा शंभर येतं. पण कुठल्या जनुकात बघायचं हे त्या वाचणाऱ्याला ज्यांनी सांगितलं, त्यांनीही आधी जोड्या लावून पिल्लंच मोजली होती.

वेळ झाली आहे, आयोजक घड्याळ दाखवताहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. दोरीबद्दल विचारलं तरी चालेल.